लिंबाला ओटा हवा, हौद नको

कोकणातल्या परसात कागदी लिंबू का टिकत नाही आणि ते कसे टिकवावे

रत्नागिरीहून भाट्ये, गोळप, पावस करीत पूर्णगडला उतरलेल्या पाहुण्याला प्रत्येक घराच्या मागील दारी आंबा, नारळ, फणस, सुपारी दिसते. लिंबाचे भरले झाड मात्र दहा परसांत एखादे. मुचकुंदीच्या खाडीवर मासळी उतरते, घरोघरी ती रांधली जाते, आणि तिच्यावर पिळायचे लिंबू येते कुठून? घाटावरून. श्रीगोंदे, सोलापूर आणि थेट विजापूरकडचे लिंबू गोणीत भरून घाट उतरते, अडते आणि किरकोळ दुकानदारांचे हात फिरते आणि मग आमच्या ताटात पडते. ज्या गावात दोन हातांवर खाडी आणि चार हातांवर माती आहे, त्या गावाने लिंबू विकत घ्यावे, ही गोष्ट आम्हाला बरीच वर्षे खुपत आली आहे.

वाचकांना इ. स. २०२२ चा एप्रिल आठवत असेल. ३ एप्रिलला रमजान सुरू झाला, ऊन कडक होते आणि नेमके त्याच महिन्यात लिंबाने शहरोशहरी कहर केला. किलोला दोनशे, अडीचशे, कुठे तीनशेच्याही वर भाव गेला. नगाला दहा रुपये मोजावे लागले. इफ्तारच्या वेळी सरबताचा जग भरणाऱ्या घरांनी अर्धे लिंबू वापरून अर्धे झाकून ठेवले. सरबताच्या गाडीवाल्याने भाव वाढवला तर गिऱ्हाईक फिरकेना, न वाढवला तर पदरचे जाऊ लागले. खानावळवाल्यांनी ताटातली फोड काढून टाकली. त्या महिन्यात पूर्णगडात ज्यांच्या परसात एक जरी लिंबाचे झाड होते, त्यांच्या दारी शेजारीपाजारी वाटी घेऊन येत होते. आमच्या दारी कोणी आले नाही. कारण आमची दोन झाडे त्याआधीच मेली होती.

ती का मेली हे कळायला आम्हाला वेळ लागला. ते कळल्यावर वाटले की आपले नुकसान झाले ते झाले, इतरांचे तरी टळावे. म्हणून हा लेख.

आमची दोन झाडे

पहिले झाड आम्ही आंब्याच्या कलमासारखे लावले. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असा खड्डा जांभ्यात खणला, त्यात पालापाचोळा, शेणखत, माती भरली आणि मिरगाच्या तोंडावर रोप लावले. पहिल्या वर्षी झाड छान फुटले. दुसऱ्या पावसाळ्यात पाने पिवळी पडू लागली. आम्हाला वाटले खत कमी पडले, म्हणून आणखी शेणखत घातले. भाद्रपदात बुंध्याजवळ सालीतून डिंक पाझरू लागला आणि दिवाळीच्या आत झाड वाळून गेले.

दुसरे झाड आम्ही एका फिरत्या कलमवाल्याकडून घेतले. दोन वर्षांत फळ, असे त्याने सांगितले होते. तिसऱ्या वर्षी फळ आले खरे, पण ते जाड सालीचे, खडबडीत आणि बियांनी भरलेले जंबेरी निघाले. वरचे कलम कधीच मेले होते आणि खालचा खुंट फोफावला होता. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा आम्ही मोठ्या कौतुकाने वाढवला होता. तोही पुढे डिंक गळून गेला.

पुढच्या वर्षी कुंपणाचे चिरे रचायला एक वयस्क गवंडी चाचा आले. उमेदीची वर्षे त्यांनी चिरेखाणीवर काढलेली. त्यांनी तो जुना खड्डा पाहिला. आदल्या रात्री पाऊस पडला होता आणि खड्ड्यात टाचभर पाणी उभे होते.

“अरे बाबा, तू झाड लावलंस की हौद बांधलास?” चाचांनी विचारले.

आम्ही म्हणालो, “चाचा, सगळे असाच खड्डा खणतात.”

“आंबा कातळ फोडून खाली जातो. लिंबाला ते जमत नाही. चिरेखाणीत पाणी कसं साठून राहतं ते मी उभा जन्म बघितलंय. जांभ्यात खणलेला खड्डा म्हणजे लहान खाणच. त्यात कोणाचे पाय चार महिने बुडवून ठेवलेस तर तो जगेल का?”

शेतीवरची पुस्तके वाचून जे आम्हाला उमगले नव्हते, ते एका गवंड्याच्या दोन वाक्यांत उमगले. लिंबाला मरण पाण्याच्या कमतरतेने क्वचित येते, साचलेल्या पाण्याने बहुतेक वेळा येते. श्रीगोंद्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या रत्नागिरी किनाऱ्यावर तो तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथल्या रीतीने इथे झाड लावून कसे चालेल?

माती आणि पाणी झाड विसरत नाही

लिंबाच्या जातकुळीचे मूळ घर हिमालयाचा पूर्व पायथा, आसाम, ब्रह्मदेश आणि चीनचा नैर्ऋत्य भाग, असे शास्त्रज्ञ मानतात. इ. स. २०१८ मध्ये या वर्गातील झाडांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की महाळुंग, पपनस आणि संत्र्याचा मूळ वंश ही जुनी घराणी, आणि आपण खातो ती बरीच फळे त्यांच्या संकरातून झाली. आपल्या कागदी लिंबाच्या एका बाजूला महाळुंग आहे आणि दुसऱ्या बाजूला पूर्वेकडच्या बेटांवरचे एक रानटी लिंबू.

ही झाडे पश्चिमेकडे गेली ती अरब व्यापाऱ्यांच्या हातून. मसऊदी हा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, आपल्याच कोकणातल्या चौल बंदरात येऊन गेला. त्याने नोंदवून ठेवले आहे की नारिंग आणि गोल महाळुंग ही झाडे हिजरी ३०० नंतर हिंदुस्थानातून नेऊन प्रथम ओमानात लावली गेली, तिथून ती बसरा, इराक आणि शामपर्यंत पोहोचली. पण तिकडे गेल्यावर त्यांचा मूळचा सुगंध आणि रंग कमी झाला, कारण हिंदुस्थानातली हवा, माती आणि पाणी त्यांना तिकडे मिळाले नाही, असेही तो सांगतो. अकराशे वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणात आमच्या सगळ्या लेखाचे सार आहे. झाड उचलून दुसरीकडे नेता येते. त्याला मानवेल अशी माती आणि पाणी मात्र लावणाऱ्याने तयार करून द्यावे लागते.

रोप कोणते घ्यावे

कागदी लिंबाच्या बाबतीत एक सोय आहे. याच्या एका बीतून बहुधा एकापेक्षा जास्त रोपे निघतात आणि त्यांतली बरीचशी आईच्याच गुणाची असतात. त्यामुळे चांगल्या झाडाच्या पिकल्या फळातले बी लावले तरी फळ फारसे बदलत नाही. बी मात्र ताजे असावे, वाळवून ठेवलेले उगवत नाही. बियांच्या रोपाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात.

घाई असेल त्याने गुटी बांधावी. पावसाळ्याच्या सुरुवातीस पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडावी. तिची इंचभर रुंदीची साल गोल काढून त्या जागी ओले शेवाळ बांधावे, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने घट्ट आवळावीत. दीड-दोन महिन्यांत कागदातून पांढऱ्या मुळ्या दिसतात. मग फांदी खालून कापून पिशवीत लावावी आणि सावलीत सांभाळावी. गुटीच्या झाडाला दोन-तीन वर्षांत फळ येते.

रोप विकत घ्यायचे तर सरकारी किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून, पावती घेऊन घ्यावे. आपल्या भागासाठी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहे. जाती विचाराल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘साई शरबती’ व ‘फुले शरबती’ आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘विक्रम’ व ‘प्रमालिनी’ या महाराष्ट्रात नावाजलेल्या आहेत. कलम घेतले तर जोड कुठे आहे ते प्रथम पाहावे. जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा नखाने खुडून टाकावा. आम्ही तो वाढवला आणि तीन वर्षे फुकट घालवली.

ज्यांची जागा खरोखरच पाणथळ आहे त्यांनी कागदी लिंबाचा हट्ट धरू नये. पपनस किंवा लोणच्याचे ईडलिंबू आपल्याकडच्या पावसात अधिक तग धरते. उंचवटा मात्र त्यांनाही करावाच.

ओटा कसा बांधावा

जागा अशी निवडावी की दिवसातून सहा तास तरी ऊन मिळेल. आपल्याकडे नारळी-पोफळीच्या गर्द बागेत मोकळी जागा दिसली की लिंबू खोचतात. तिथे झाड उंच होते, काटे धरते, फळ धरत नाही. समुद्रावरचा खारा वारा थेट अंगावर घेणारी जागाही टाळावी. घराच्या किंवा गडग्याच्या आडोशाला, पण भिंतीपासून दहा-बारा फूट सोडून झाड लावावे.

चाचांनी आम्हाला ओटा बांधून दिला तो असा. जमिनीवर सहा फूट व्यासाचे वर्तुळ आखले. त्यातला कातळ वीतभर उकरून खडबडीत केला आणि उताराच्या बाजूने एक चर काढून दिली, म्हणजे तळाला पाणी साचू नये. वर फुटक्या चिऱ्यांचे आणि कौलांचे तुकडे पसरले. कडेने चिऱ्यांचा सुका गडगा रचला, चुना-सिमेंट न लावता, म्हणजे फटींतून पाणी निघून जाईल. आत दोन फूट उंचीपर्यंत तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू यांचे मिश्रण भरले. वाळू नदीची किंवा वहाळाची घ्यावी, किनाऱ्यावरची घेऊ नये, कारण मिठाचा या झाडाला फार लवकर त्रास होतो. चार टोपल्या मातीला एक टोपली खत आणि एक टोपली वाळू, एवढे प्रमाण पुरते. मातीत दोन किलो निंबोळी पेंड मिसळली.

रोप या ओट्याच्या मधोमध लावले. पिशवीत माती जेवढ्या उंचीवर होती तेवढ्याच उंचीवर ते ठेवले, खोल गाडले नाही. कलमाचा जोड मातीपासून सहा ते नऊ इंच वर राहिला पाहिजे. जोड मातीत गेला की डिंक्या आलाच म्हणून समजावे.

पाणी, खत आणि मशागत

पावसाळ्यात काम एकच, पाणी अडू न देणे. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन परसात जावे आणि ओट्याभोवती पाणी कुठे थांबते ते डोळ्यांनी पाहावे. तिथे लगेच चर काढावी.

पाऊस संपल्यावर लहान झाडाला तीन-चार दिवसांनी आणि मोठ्याला आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. हे पाणी बुंध्यावर ओतू नये. झाडाभोवती दोन आळी करावीत, एक बुंध्यापासून फूटभर अंतरावर आणि दुसरे फांद्यांच्या घेराखाली. पाणी या दोन आळ्यांच्या मध्ये सोडावे. बुंधा कोरडा राहतो आणि खाणाऱ्या मुळ्यांना पाणी मिळते. घाटावरचे बागायतदार याला दुहेरी आळे म्हणतात.

खाडीकाठच्या गावांत आणखी एक धोका आहे. एप्रिल-मे महिन्यांत काही विहिरींचे पाणी मचूळ होते. नारळ ते सहन करतो, लिंबाच्या पानांची टोके मात्र करपू लागतात. पाण्याची चव घेऊन पाहावी. खारट लागले तर दुसऱ्या विहिरीचे चार हंडे आणून घालावेत. सुकटीचे किंवा खारवलेल्या मासळीचे पाणी लिंबाच्या मुळाशी कधीही फेकू नये. न्हाणीचे साबणाचे पाणी केळीला द्यावे, लिंबाला नको.

खत वर्षातून दोनदा, जूनच्या आरंभी आणि पाऊस ओसरल्यावर द्यावे. मोठ्या झाडाला प्रत्येक वेळी दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत किंवा शेळ्यांचे लेंडीखत आणि किलो-दोन किलो निंबोळी पेंड पुरते. ताजे कोंबडीखत घालू नये, ते गरम पडते. चुलीची राख अधूनमधून दोन मुठी पसरावी. आपली जांभ्याची माती आंबट असते, राखेने तिचा आंबटपणा थोडा कमी होतो आणि पालाशही मिळते. नवीन पाने लहान, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला तर जस्त कमी आहे असे समजावे. अशा वेळी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरी गेलेला चुना मिसळून, गाळून पानांवर फवारावे.

लिंबाच्या खाणाऱ्या मुळ्या वरच्या फूटभर मातीत असतात. म्हणून कुदळ लावून खणू नये, तण हाताने काढावे. पेंढा किंवा सुका पाला पसरावा, पण तो बुंध्याला टेकू देऊ नये. झाडाच्या पोटातून सरळ वर धावणारे जाड, काटेरी पाणसोट काढून टाकावेत. ते अन्न खातात आणि फळ देत नाहीत.

झाडाला नियमित फळे लागू लागल्यावर एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन आठवडे पाणी तोडावे, मग खत घालून पुन्हा सुरू करावे. झाड निरोगी असेल तर लवकर बहार धरते आणि त्यातली काही फळे एप्रिल-मेमध्ये, ऐन महागाईत, हाताला लागतात. अशक्त किंवा लहान झाडावर हा प्रयोग करू नये.

रोग आणि कीड

कोकणात दोन रोग लिंबाचा जीव घेतात. पहिला डिंक्या. बुंध्याची साल काळपट पडून डिंक वाहू लागला की धारदार सुरीने कुजलेली साल निरोगी भागापर्यंत खरवडावी आणि त्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात भिजवावा आणि मग दोन्ही एकत्र ओतून ढवळावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत, धातूची नकोत. निरोगी झाडालाही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला दोन फुटांपर्यंत ही पेस्ट लावावी.

दुसरा खैऱ्या. पानांवर, काटक्यांवर आणि फळांवर खरबरीत तपकिरी ठिपके पडतात आणि पानावर त्यांच्याभोवती पिवळे कडे दिसते. वारा आणि पावसाचे शिंतोडे यांनी तो पसरतो. कागदी लिंबाला तो विशेष होतो. मे महिन्यात रोगट काटक्या कापून जाळाव्यात आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. म्हणजे वरचेच १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, पण एकूण पाणी दहा लिटर. तयार मिश्रणात लखलखीत लोखंडी सुरी क्षणभर बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, तो आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. पावसाने उघडीप दिली की पुन्हा एकदा फवारावे. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नये.

किडींत पाने पोखरणारी नागअळी आणि लिंबावरच्या फुलपाखराची अळी या दोन मुख्य. नागअळी कोवळ्या पानात चंदेरी वेडीवाकडी रेघ ओढते आणि तिच्या जखमेतून खैऱ्या शिरतो. फुलपाखराची अळी लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि दोन दिवसांत लहान रोपाची सगळी पाने फस्त करते. परसात एक-दोन झाडे असतील तर सकाळी हाताने वेचणे हाच उत्तम उपाय. नवी पालवी फुटताना निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे.

आंब्यावर पाने शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या लिंबावर आल्या तर लोक लगेच जाळतात. चीनमध्ये सुमारे सतराशे वर्षांपूर्वी अशाच मुंग्यांची घरटी बाजारात विकत आणून संत्र्याच्या झाडांवर सोडत, किडी खाव्यात म्हणून. त्या मावा आणि खवले किडीला सांभाळतातही, हा त्यांचा दोष. तेव्हा त्या किडी नसतील तर मुंग्यांना राहू द्यावे. फळे काढताना मात्र बाह्या लांब असाव्यात.

बंद घरांचे काय

आमच्या गावातली कितीतरी घरे मुंबईला किंवा आखातात असलेल्या माणसांची आहेत. मे महिन्यात माणसे येतात, हौसेने झाड लावतात, जूनमध्ये कुलूप लावून जातात. पाऊस असेपर्यंत झाड हिरवे असते, पुढल्या मार्चमध्ये तहानेने मरते किंवा शेळ्या खाऊन टाकतात.

यावर दोन उपाय आम्ही सुचवतो. एक, रोपापासून दीड-दोन फुटांवर मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे. पाणी मडक्यातून हळूहळू पाझरते आणि आठवड्यातून एक-दोनदा भरले तरी लहान झाडाचे भागते. मडके कुंभाराकडचे, बिनरंगी आणि पाझरणारे असावे. दुसरा उपाय व्यवहाराचा. शेजाऱ्याला झाड अर्धेलीने सांभाळायला द्यावे, निम्मी फळे त्याची, निम्मी आपली. भिडेखातर कोणी फार दिवस पाणी घालत नाही, आणि घालावे अशी अपेक्षाही धरू नये. हक्काचा वाटा असला की तो स्वतःहून घालतो.

मुंब्रा, कौसा, कुर्ला येथे राहणाऱ्यांनी गुटीचे रोप अठरा-वीस इंची कुंडीत किंवा अर्ध्या कापलेल्या पिंपात लावावे. तळाला पाच-सहा भोके पाडून कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे तिथेही ओट्याचाच नियम पाळला जातो. दक्षिणेकडची किंवा पश्चिमेकडची गॅलरी चांगली. दर दोन वर्षांनी वरची निम्मी माती बदलावी.

हिशेब काय सांगतो

आता धंद्याचे बोलू. चांगले सांभाळलेले मोठे झाड परसात वर्षाला पाचशे ते हजार फळे देते. ज्या घरात रोज तीन लिंबे लागतात त्याला वर्षाला अकराशे हवीत, म्हणजे दोन झाडे पुरे. बंदरावरच्या खानावळीचा हिशेब वेगळा. समजा रोज चाळीस लिंबे लागतात. पावसाळ्यात नग दोन रुपयांना मिळाला तर खर्च ऐंशी रुपये, एप्रिलमध्ये दहाला गेला तर चारशे. महिन्याला ९,६०० रुपयांचा फरक पडतो. दोन झाडांनी ही गरज भागणार नाही, पण गावातल्या दहा परसांत दोन-दोन झाडे असली तर खानावळवाल्याला घाटाकडे पाहावे लागणार नाही आणि दहा घरांत चार पैसे येतील.

भाव कोसळलेल्या पावसाळ्यात फळ विकण्यापेक्षा लोणचे घालावे. विकायचे असेल तर छोट्या उद्योगासही अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, ती आधी करून घ्यावी.

आणखी एक वस्तू आमच्या लोकांच्या परिचयाची आहे. मस्कत, दुबई, कुवेतहून येणारी माणसे काळी सुकी लिंबे घेऊन येतात. त्यांना तिकडे लूमी म्हणतात, इराकात नूमी बसरा. पिकू लागलेली लिंबे मिठाच्या पाण्यात थोडी उकळून उन्हात आठवडेच्या आठवडे, आतला गर काळा होईपर्यंत, वाळवतात आणि मटणाच्या रश्शात किंवा भातात टाकतात. हे काम इथे होण्यासारखे आहे. मात्र पावसाळी दमट हवेत फळाला बुरशी येते, म्हणून ते फक्त नोव्हेंबर ते एप्रिलच्या कोरड्या उन्हातच करावे आणि प्रथम घरापुरते करून पाहावे. गुटीची रोपे तयार करून विकणे हा याहून सोपा धंदा. एका निरोगी झाडावर एका पावसाळ्यात वीस-पंचवीस गुट्या आरामात बांधता येतात. त्या प्रामाणिकपणे, जात सांगून विकल्या तर गिऱ्हाईक स्वतःहून परत येते. आमच्यासारखे फसलेले गिऱ्हाईक मात्र दहा जणांना सांगत फिरते.

चाचांनी बांधलेल्या ओट्यावरचे आमचे तिसरे झाड आता डोक्याच्या वर गेले आहे. चार पावसाळे त्याने काढले आणि बुंध्याला अजून डिंकाचा थेंब नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याने पहिल्यांदा हात भरून फळ दिले. पहिली पंचवीस लिंबे आम्ही चाचांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी एक फोडून वास घेतला आणि एवढेच म्हणाले, “पावसाच्या आधी चर साफ करायला विसरू नकोस.”

वाचक बांधवांनाही आमचे सांगणे तेच. मिरगाला अवकाश आहे तोवर परसातली जागा पाहून ठेवावी, चार फुटके चिरे गोळा करावेत आणि ओटा बांधून ठेवावा. रोप नंतर आणले तरी चालते.